बायको नाही म्हणत नाहीये, विचारतेय

काका,
मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीनिमित्त पाच वर्षांपासून स्टुटगार्टला आहे. गाडीचं वेड कॉलेजपासूनचं. पुण्याहून लेहला जाऊन आलोय, खारदुंगला केलाय. इथलं लायसन्स पुन्हा पहिल्यापासून परीक्षा देऊन काढलं आणि रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन घेतली. नोव्हेंबरात ती तळघरातल्या पार्किंगमध्ये झोपते ती थेट मार्चात उठते. आता ऑफिसातले दोन जर्मन मित्र जानेवारीअखेरच्या एलेफांटेनट्रेफनला, म्हणजे मोटरसायकलवाल्यांच्या हिवाळी मेळ्याला चल म्हणतायत. बव्हेरियाच्या जंगलात, बर्फात तंबू ठोकून तीन रात्री. बायकोला सांगितलं तर म्हणाली, ‘या थंडीत उघड्यावर झोपणार? वाटेत बर्फ पडलं तर परत कसा येणार, सोमवारी ऑफिस आहे. आणि तुला काही झालं तर मला कळवणार कोण? मला अजून धड जर्मन येत नाही, पदरात दोन वर्षांची पोर.’ आईला सांगायची तर सोयच नाही, तिला ‘ऑफिसचं ट्रेनिंग’ म्हणायचं ठरवलंय. तुम्ही जर्मनीत राहिलाय, हिवाळ्यात गाडी चालवलीय. बायकोला कसं पटवू, एवढंच सांगा.
— ब. शि., स्टुटगार्ट

प्रिय ब. शि.,

तुझ्या पत्रात मी बायकोचा नकार शोधत होतो, तो सापडला नाही. तिने प्रश्न विचारलेत. झोपणार कसा, परत येणार कसा, काही झालं तर मला कळणार कसं. यातल्या एकाचंही उत्तर पत्रात नाही. वेड आहे, खारदुंगला आहे, जर्मन मित्र आहेत आणि शेवटी ‘कसं पटवू’ आहे. रायडर मंडळींची पत्रं अशीच असतात. गाडीची माहिती सीसीपासून स्प्रॉकेटच्या दातांपर्यंत आणि घरचं माणूस काय म्हणालं ते ‘विरोध आहे’ एवढ्यात उरकलेलं. तू निदान तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंस, म्हणून माझं काम सोपं झालं. तिला पटवायच्या भानगडीत पडू नकोस. तिच्या तीन प्रश्नांची खरी उत्तरं तयार कर. ती जमली तर जा. एखादं जमलं नाही तर या वर्षी राहू दे, मग ती वैतागून ‘जा बाबा’ म्हणाली तरी.

त्याही आधी एकदा तळघरात जाऊन ये. ‘नोव्हेंबरात झोपते ती मार्चात उठते’ हे वाचून मला वेगळीच शंका आली. नंबरप्लेटच्या उजव्या कडेला एकाखाली एक असे बारीक आकडे आहेत का? वर ०३, खाली १०? असतील तर ती हंगामी प्लेट. कर आणि विमा मार्च ते ऑक्टोबरपुरताच. जानेवारीत ती गाडी रस्त्यावर चालवणं सोडच, रस्त्याकडेला उभीही करता येत नाही. जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाने ठेवलेली व्यवस्था आपण तशीच पुढे चालू ठेवतो आणि आकड्यांकडे लक्षही जात नाही. तुझे मित्र हे बोलले नसतील, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नसेल. तर विमा कंपनीकडून बारमाही विम्याचा नवा नंबर घ्यायचा आणि नोंदणी कार्यालयात जाऊन प्लेट बदलून आणायची. हे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यावर टाकलंस तर मेळा पुढच्या वर्षीचाच बघशील.

आता मेळ्याविषयी. तू घरी काय सांगितलंस कुणास ठाऊक, पण ‘मित्रांबरोबर बर्फात तंबू’ एवढंच सांगितलं असशील, तर बायकोला हा चार टवाळांचा उद्योग वाटणारच. तिला नीट सांग. १९५६ साली अर्न्स्ट लेव्हरकुस नावाच्या मोटरसायकल पत्रकाराने त्सुंडाप के. एस. ६०१ या साईडकारवाल्या गाडीच्या मालकांना भर हिवाळ्यात एकत्र बोलावलं, तेही तुझ्या स्टुटगार्टजवळच्या सॉलिट्यूडच्या रेसट्रॅकवर. त्या गाडीला लोक ‘हिरवा हत्ती’ म्हणायचे, म्हणून मेळा हत्तींचा. पुढे तो नुर्बुर्गरिंगला गेला, तिथे माणूस मावेना इतका वाढला आणि १९८९ पासून बव्हेरियन जंगलात, थुर्मान्सबांग गावाजवळच्या सोला इथे स्थिरावलाय. मोटरसायकलस्वारांची देशव्यापी संघटना बी.व्ही.डी.एम. तो भरवते. जागा म्हणजे एक खोलगट दरी, तिचं नावच हेक्सनकेसल, चेटकिणीची कढई. उतारावर तंबू, जागोजागी शेकोट्या, वर धुराचं छत. कुणी आजोबांच्या वेळची साईडकार घेऊन आलेला, कुणी घरच्या घरी वेल्डिंग करून असं काही बनवलेलं की त्याला मोटरसायकल म्हणावं की ट्रॅक्टर ते ठरत नाही. शनिवारी संध्याकाळी मशाली घेऊन लोक चालत निघतात आणि रस्त्यावर गेलेल्या रायडरांची आठवण काढतात. मला तिथली ती एक गोष्ट सगळ्यात आवडते. एरवी स्वतःच्या गाडीविषयी तासभर बोलणारी माणसं तेवढा वेळ गप्प असतात.

तर पहिला प्रश्न, झोपण्याचा.

रागावू नकोस, पण खारदुंगल्याचा अनुभव इथे फारसा उपयोगी नाही. तिथे तू उन्हाळ्यात गेलास, खिंडीत उन्हाच्या वेळी पोचलास, फोटो काढून खाली उतरलास आणि रात्री गादीवर झोपलास. शिवाय ती हवा कोरडी. सोल्याला तू त्या थंडीतच मुक्कामाला चाललायस. पारा कधी शून्याच्या आसपास, म्हणजे चिखल आणि ओल, कधी उणे १५ च्या खाली. माझ्या मते शून्याची रात्र जास्त वाईट. कडक गारठ्यात सगळं निदान कोरडं तरी राहतं.

गारठा वरून येतो असं आपण धरून चालतो. रात्री तो खालून येतो. मेळ्यात पेंढ्याच्या गासड्या विकत मिळतात. तुला पुरेशा वाटतील त्याच्या दुप्पट घे, तंबूखाली पसर, वर फोमची चटई आणि तिच्यावर हिवाळी मॅट. स्लीपिंग बॅगच्या लेबलवर तीन तापमानं असतात. दुकानदार मोठ्या अक्षरात जे लिहितो ते बहुधा शेवटचं असतं, म्हणजे ज्यात माणूस कसाबसा तगतो, झोपत नाही. तू पहिलं बघ, कम्फर्टचं. ते किमान उणे १० हवं. झोपायचे कपडे, मोजे आणि टोपी वेगळ्या पिशवीत कोरडे ठेवायचे, दिवसा त्यांना हातही लावायचा नाही. दिवसभर घातलेल्या मोज्यांत घाम असतो आणि मध्यरात्रीनंतर तोच पाय गोठवतो.

आणि हे मित्रांनाही ऐकव. तंबूत काहीही पेटवायचं नाही. स्टोव्ह नाही, निखाऱ्यांची थाळी नाही, ‘पाचच मिनिटं’ म्हणूनसुद्धा नाही. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. घरी ज्या शेगडीच्या उबेत आपण लहानाचे मोठे झालो तिला कौलांच्या फटी होत्या, तंबूला नसतात. चहा बाहेर करायचा. त्यातही साध्या ब्युटेनच्या डब्याचा शून्याखाली वायूच होत नाही, स्टोव्ह नुसता फुसफुसतो. हिवाळी मिश्रणाचा, म्हणजे प्रोपेन असलेला डबा घे.

डिसेंबरात एक रात्र हे सगळं सामान घेऊन घराच्या बाल्कनीत झोप. गंमत म्हणून सांगत नाहीये. पहाटे तीनला कुडकुडत दार वाजवलंस तर बॅग बदलायला महिना हातात आहे, आणि दार वाजवलं नाहीस तर बायकोच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिने स्वतःच बघितलं. एवढं करूनही धीर होत नसेल तर आसपासच्या गावात खोली घे आणि दिवसा मेळ्यात जा. काही जुनी खोडं नाक मुरडतील. मुरडू देत.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण रायडर जाण्याचा विचार करतो आणि घरचं माणूस येण्याचा.

स्टुटगार्टहून सोला चारशे किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात तू हे दुपारच्या जेवणाआधी उडवशील. जानेवारीअखेर उजाडतं पावणेआठच्या सुमाराला आणि पाचला अंधारतं. त्यातही सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर ओला रस्ता कुठे गोठलाय ते दिसत नाही. वाऱ्याचा हिशोब वेगळाच. बाहेर शून्य असताना ८० च्या वेगाने निघालास तर अंगाला उणे १० सारखं लागतं, बाहेर उणे ५ असेल तर उणे १७. अशा थंडीत पहिली जातात बोटं. बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज जातो आणि तो गेलाय हे आपल्याला कळत नाही. हँडलला गरम ग्रिप्स लाव, पण त्यापेक्षाही हँडलवर चढवायचे मफ, म्हणजे हात आत घालायच्या जाड पिशव्या घे, डिलिव्हरीवाले लावतात तसले. दिसतात भिकार, काम करतात चोख. तुझ्या गाडीची वीज बेताची आहे, त्यामुळे गरम जाकीट, गरम ग्रिप्स आणि जादा दिवे हे सगळं एकदम तिच्यावर लादू नकोस. थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते.

कायदा काय म्हणतो ते तुला माहीत असावं. हिवाळी टायरची सक्ती दुचाकीला नाही. पण रस्ता बर्फाळ किंवा निसरडा असेल आणि गाडीला हिवाळी टायर नसतील तर वेग ५० च्या वर नेता येत नाही. पुढच्या गाडीपासून अंतर वेगाच्या आकड्याच्या निम्मे मीटर ठेवायचं. आणि निघण्याआधी हा प्रवास खरोखर गरजेचा आहे का, हे चालवणाऱ्याने तपासायचं. बघ, तुझी बायको जे विचारतेय तेच त्यांच्या वाहतूक नियमातही लिहिलंय. टायर बदलणार असशील तर नुसत्या जाड नक्षीवर भाळू नकोस, हिवाळ्यासाठी केलेलं रबर माग. उन्हाळी रबर थंडीत प्लॅस्टिकसारखं कडक होतं, नक्षी कितीही खोल असो.

५० च्या वेगाने चारशे किलोमीटर म्हणजे आठ तास, थांबे वेगळे. दिवसच तेवढा पुरत नाही. म्हणून जाताना दोन दिवस धर. गुरुवारी निघून म्युनिकच्या पुढे, लँड्सहूटच्या आसपास मुक्काम कर, शुक्रवारी दुपारी पोच. वाटेत दोन जागा जपायच्या. एक तुझ्या घराजवळची, म्युनिककडे जाताना आल्ब डोंगराचा चढ. खाली पाऊस असतो तेव्हा वर बर्फ असू शकतं. दुसरी देगेनडोर्फच्या आसपास डॅन्यूबचं खोरं, तिथे हिवाळ्यात धुकं तळ ठोकून बसतं. आणि पूल कुठलाही असो, तो रस्त्याच्या आधी गोठतो. गाडीवर पारा ३ अंशांच्या खाली आणि रस्ता ओला दिसला की पुलावर ब्रेकही नको आणि एक्सलरेटरची घाईही नको. मेळ्याच्या दरीत उतरणारी वाट बर्फाने काचेसारखी झाली असेल तर गाडी वरच लाव आणि सामान पाठीवर घेऊन उतर. साईडकारवाले खाली जातात म्हणून आपण जायचं नसतं, त्यांना तिसरं चाक आहे.

परतीचं खरं औषध मात्र गाडीत नाही, ऑफिसात आहे. सोमवारची रजा टाक, जमली तर मंगळवारचीही. हिवाळ्यातले वाईट निर्णय रविवारी दुपारी होतात आणि त्यामागे सोमवारची नऊची मीटिंग असते. रजा असली की रविवारी सकाळी हवामान खात्याने गोठत्या पावसाचा, म्हणजे रस्त्यावर पडताच बर्फ होणाऱ्या पावसाचा इशारा दिला तर तू तंबूत परत जाऊन पडशील. रजा नसली की ‘हळूहळू जाऊ’ म्हणशील. गोठत्या पावसात हळूहळू असं काही नसतं. अगदीच अडलास तर गाडी तिथेच कुणाच्या तरी अंगणात सोडून प्लाटलिंगहून रेल्वेने घरी ये. रेगेन्सबुर्ग-पासाऊ मार्गावरचं स्टेशन आहे, गाड्यांची वाण नाही. गाडी आणायला पुढच्या आठवड्यात जाता येईल. वाटेत गाडी अडली तर मदत करणाऱ्या ए.डी.ए.सी.सारख्या संस्थेचं सभासदत्व असेल तर ते हिवाळ्यात गाडी उचलून नेण्यापर्यंत कुठे आणि किती लागू आहे, ते आत्ताच वाचून ठेव.

कुठल्या परिस्थितीत मागे फिरायचं हेही निघण्याआधी ठरव, तिघांनी मिळून, आणि बायकोसमोर. बुधवारी रात्री इशारा असला तर निघायचं नाही. वाटेत कुणालाही गाडी सरकल्यासारखी वाटली तर पुढच्या गावात मुक्काम, वाद नाही. ठरवलेलं नसेल तर वाटेत तिघांतला सगळ्यात उतावळा माणूस निर्णय घेतो.

दारूचं एवढंच सांगतो, कारण शेकोटीभोवती गरम वाईनचे पेले फिरणार. पिऊन ऊब येते ती कातडीला, आतली उष्णता त्याच वाटेने बाहेर जाते आणि मध्यरात्री हुडहुडी भरते. रक्तातल्या अल्कोहोलची कायद्याची मर्यादा ०.५ प्रति हजार, पण अपघात झाला तर ०.३ पासूनच अडकतोस. शनिवारी रात्री घेतलेली रविवारी सकाळी रक्तात शिल्लक असू शकते. परतायच्या आदल्या रात्री चहा पी.

तिसरा प्रश्न, ‘मला कळवणार कोण’. खरं सांगू, हा वाचून मला तुझा थोडा राग आला. परक्या देशात, भाषा येत नसताना, लहान मूल घेऊन एकटी राहणारी बाई हे विचारते आणि तू त्याला ‘कसं पटवू’च्या खात्यात टाकतोस.

त्या दोघा जर्मन मित्रांना घरी जेवायला बोलाव. बायको इंग्रजीत जे विचारायचं ते त्यांना सरळ विचारेल, तू मध्ये बोलू नकोस. तिला त्यांचे चेहरे माहीत होतील, नंबर मिळतील, आणि त्यांनाही कळेल की या माणसामागे कोण आहे. शक्य असेल तर त्यांच्या घरच्यांचेही नंबर घे. वाईट बातमी पहिल्यांदा तिकडे पोचली तरी तिच्यापर्यंत यायला माणूस हवा. तुझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात जर्मनमध्ये लिहिलेलं कार्ड ठेव. नाव, रक्तगट, औषधांची ऍलर्जी, बायकोचा नंबर आणि ती इंग्रजी बोलते हे. घरात फ्रिजवर एक कागद लाव. तुझा मार्ग, मुक्कामाचा पत्ता, गाडीचा नंबर, विम्याची कागदपत्रं कुठे आहेत ते, आणि शेजारची कोण बाई रात्री पोरीला सांभाळेल तिचं नाव. तातडीचा नंबर ११२ आहे हे तिला माहीत असेल, पण समोरून जर्मन आलं की माणूस गांगरतो. दोन जर्मन वाक्यं तिच्याकडून घोकून घे, ‘माझा नवरा मोटरसायकलवर आहे, त्याच्याशी संपर्क होत नाही’ एवढी.

फोनचंही ठरवून घ्या. दर तासाला मेसेज असं कबूल करू नकोस. तू तो विसरशील आणि ती घड्याळाकडे बघत बसेल. निघताना, दुपारी आणि मुक्कामाला पोचल्यावर, एवढं पुरे. दरीत सिग्नलचा भरवसा नाही, तेव्हा दोन तास उशीर म्हणजे काही नाही, रात्री नऊपर्यंत काहीच आलं नाही तर मित्रांना फोन, हे तिच्याशी बोलून ठरलेलं असू दे.

राहिली आई. ‘ऑफिसचं ट्रेनिंग’ हे खोटं तू एकदा बोलशील आणि निघून जाशील. ते चार दिवस सांभाळणार तुझी बायको. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आई ‘आज उशीर झाला का गं त्याला?’ विचारणार आणि ही बाई मांडीवर पोर घेऊन, पोटात भीती घेऊन सासूला थाप मारणार. उद्या तू नुसता घसरून मनगट मोडून आलास तरी सासूच्या लेखी खोटं बोलली ती सून. तिला या खेळात उतरवू नकोस. आईला तू स्वतः सांग, आणि निघायच्या आदल्या दिवशी नको, डिसेंबरातच सांग. ती रडेल, दोन दिवस अबोला धरेल, साताऱ्यातल्या कुठल्या तरी मारुतीला नवस बोलेल. मग नेहमीप्रमाणे सोबत खायला काय नेतोस ते विचारेल. तेव्हा तिच्याकडून तिळाच्या लाडवांचं प्रमाण घे. मेळा संक्रांतीनंतर पंधरवड्याने असतो. तीळ, गूळ आणि दाण्याचं कूट यासारखं थंडीतलं खाणं नाही. झोपायच्या आधी दोन खाल्लेस तर पोटात रात्रभर जळण राहतं. चिक्की मात्र नेऊ नकोस. उणे दहात ती फोडायला पान्हा लागेल, आणि दात गेला तर तिथला डेंटिस्ट काय घेतो ते तुला ठाऊक आहे.

परत आलास की झोपायच्या आधी गाडी धुऊन घे. तळघरात नको, घरमालक ओरडेल. गावात शिरताना लागेल त्या धुलाई केंद्रावर साध्या थंड पाण्याने चेन, स्पोक, ब्रेकच्या नळ्या आणि इंजिनाखालचा भाग नीट धू, आणि चेनला लगेच तेल दे. रस्त्यावर टाकलेलं मीठ तसंच राहिलं तर मार्चात काढशील तेव्हा स्पोकला गंज आलेला असेल.

— काका